मशीन मी फास्ट केलं

आमच्या शाळेच्या ऑफिसातला कॉम्प्युटर सुरू करून आप्पा चहाला जायचे. चहा पिऊन, नाक्यावर कुणाशी तरी चार गोष्टी बोलून परत आले तरी पडद्यावरचं ते गोल कडं फिरतच असायचं. मग आप्पा म्हणायचे, "अजून उठतंय," आणि पान लावायला बसायचे.

आप्पा म्हणजे आमचे क्लार्क. साऱ्या शाळेचे ते आप्पाच, हेडसरांचेसुद्धा. शाळा बेळगावात, अनगोळच्या अंगाला, मराठी माध्यमाची. मी तिथं कॉम्प्युटर शिकवायची आणि तास नसेल तेव्हा ऑफिसात आप्पांना मदत करायची. माझा पगार संस्था द्यायची, म्हणजे मी टेंपररी. ज्या बाईंच्या बाळंतपणाच्या रजेत मी पहिल्यांदा या शाळेत आले, त्यांची ती मुलगी पुढे माझ्याच वर्गात येऊन बसली, तरी मी टेंपररीच होते. दर उन्हाळ्यात सुटी लागताना हेडसर म्हणायचे, "टीचर, जूनात बघूया." जून आला की निरोप यायचा, या म्हणून. कायम करायचं तेवढं मात्र 'बघूया'तच राहायचं. मला कायम व्हायचं होतं. बाकी शाळेवरचं प्रेम, मुलांचा लळा वगैरे होताच, पण आधी हे सांगितलेलं बरं.

तर कॉम्प्युटर. तो मंद झालाय याबद्दल शाळेत दुमत नव्हतं. का झालाय यावर प्रत्येकाचं एकच उत्तर होतं, मशीनचं वय झालं. हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. अहो, मशीनला काय संधिवात होतो? पंख्यात धूळ बसते, डिस्क थोडी कुरकुरते, हे मान्य. पण दोन आणि दोन चार हा हिशेब ते पहिल्या दिवशी जेवढ्या वेळात करायचं, तेवढ्याच वेळात आजही करतं. मंद होते ती आतली व्यवस्था, जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. मी मुलांना सांगायची, घरातली थोरली सून धरा. चूल एक, ओटा एक. कुणाला आधी चहा, कुणाचा डबा भरायचा, कुणाला बसायला जागा द्यायची, हे सगळं ती बघते. ती काही म्हातारी झालेली नसते. घरात माणसं वाढत जातात आणि जायचं नाव कुणी घेत नाही, एवढंच झालेलं असतं.

आमच्या मशीनमध्ये कोण कोण मुक्कामाला होतं ते सांगते. वरच्या ऑफिसला पत्र लिहायचं तर कन्नडमधून, म्हणून कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर. त्याचं नवीन आलं ते घातलं, जुनं तसंच ठेवलं, कारण जुनी पत्रं जुन्यातच नीट दिसतात. संस्थेचा कारभार मराठीत, म्हणून मराठीचं एक. त्यातली अक्षरं दुसऱ्या मशीनवर गेली की किडेमुंग्या व्हायच्या, म्हणून मराठीचं दुसरं. एक व्हायरस पकडणारं दुकानदारानं घालून दिलेलं, आणि दुसरं एका सरांच्या भाच्यानं हौसेनं घातलेलं. ही दोन्ही दिवसभर एकमेकांवरच संशय घेत बसायची. यातलं प्रत्येकजण आत शिरताना एकच कबूल करून घेतं, मशीन उठलं की मलाही उठवायचं. म्हणजे सकाळी आप्पांनी बटण दाबलं की ही सगळी वरात एकदम उठायची आणि मग कीबोर्ड कुणाचा यावरून आत मारामारी. ओट्याशी उभ्या त्या सुनेनं करायचं तरी काय?

"आप्पा, हे जुनं काढूया की," असं म्हटलं की आप्पा हात आडवा धरायचे.

"नको टीचर. लागलं तर?"

हा 'लागलं तर' आमच्या भागाचा जुना रोग आहे. कुठला कागद कुठल्या भाषेत कोण कधी मागेल याचा नेम नाही, म्हणून आम्ही काहीच टाकत नाही. माझ्या माहेरी खानापूरकडे ट्रंकेत एकाच दाखल्याच्या तीन भाषांतल्या नकला आहेत. कॉम्प्युटरचीही आम्ही ट्रंकच केली होती.

त्यात आणखी एक. आमच्या शाळेत माणसाचं नाव पुसत नाहीत. त्या मशीनवर प्रत्येक शिक्षकाचं वेगळं खातं होतं, नाव आणि वर गोलात फोटो. माणूस रिटायर झाला तरी खातं तसंच. गणिताचे एक सर तर वारले होते. त्यांचाही फोटो तिथंच होता, आणि आप्पा सकाळी मशीन लावलं की त्या फोटोला हात जोडायचे, मग आपल्या नावावर क्लिक करायचे. गेलेल्या सरांच्या खात्यात गॅदरिंगचे व्हिडिओ, सहलींचे फोटो, लेकीच्या लग्नाचं अख्खं शूटिंग. डिस्क काठोकाठ भरली होती. काम करताना पसारा मांडायला ऑपरेटिंग सिस्टीमला डिस्कवर थोडी मोकळी जागा लागते, तीच तिला मिळत नव्हती.

आणि जिवंत माणसांची तऱ्हा सांगू? कुणी काम संपवून आपलं खातं बंद करायचं नाही. आणि दुसऱ्यानं येऊन पहिल्याचं बंद करणं म्हणजे माणसाला भरल्या ताटावरून उठवणं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. मग पहिल्याचं तसंच उघडं ठेवून दुसरा आपलं उघडायचा, त्याच्यावर तिसरा. मशीन बंद करावं तर परत सुरू व्हायला अर्धी सकाळ जाते, म्हणून तेही संध्याकाळपर्यंत कुणी बंद करायचं नाही, उठताना नुसता पडदा मालवायचा. अख्खा स्टाफ आत जागा असायचा आणि मशीनला म्हातारं म्हणायचा. वर खंडेनवमीला आम्ही त्याला हळदकुंकू लावायचो, हार घालायचो, पुढ्यात उदबत्ती. ती राख पंख्यानं आत ओढून घेतली होती. श्रद्धेनं गुदमरलेलं मशीन मी तेवढं एकच पाहिलं आहे.

हे सगळं चालून गेलं असतं, पण मुलांची माहिती, परीक्षेचे फॉर्म, सगळं ऑनलाइन झालं. पान उघडायला एवढा वेळ लागायचा की निम्मं भरून होईतो ती साइट आम्हाला बाहेर काढायची. परत पहिल्यापासून. एकाच्यानं होईना म्हणून आधी आप्पा एका खात्यावर आणि माझे तास संपले की त्यांच्या जागी बसून मी दुसऱ्यावर. संध्याकाळी शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा. एकदा संस्थेचे अध्यक्ष आले. त्यांना कसली तरी यादी हवी होती. ते त्या फिरणाऱ्या कड्यापुढं बसून राहिले आणि शेवटी म्हणाले, "शाळेत कॉम्प्युटर टीचर असून ही गत?"

मी दारातच उभी होते. ते माझ्याकडे बघून बोलले नाहीत, हेडसरांकडे बघून बोलले. मला ते जास्त लागलं.

ते गेल्यावर हेडसरांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. कुणाला दुखवायचं नाही, कुणासाठी भांडायचंही नाही, अशी त्यांची नोकरी झाली. म्हणाले, "टीचर, नवीन मशीन काय संस्था देत नाही. हेच तेवढं फास्ट करून दाखवा. तुमचा विषय मीटिंगात काढायला मला तोंड राहील."

एवढं पुरे होतं मला. मे महिन्याच्या सुटीत मी त्या मशीनला हात घातला. आधी खोकं उघडून रंगाच्या ब्रशनं आतली राख काढली. मग एकेका शिक्षकाला फोन, तुमचं काय ठेवायचं, काय नाही. "माझं काही काढू नका हं," हे प्रत्येकानं सांगितलं. एका बाईंना तर आपलं काय आहे हेही आठवत नव्हतं, तरी काढू नका. मी सगळ्यांचं वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतलं. कन्नडचं एक ठेवलं, मराठीचं एक, व्हायरसवरचा पहारेकरी एक. सकाळी कुणी उठायचं आणि कुणी हाक मारल्याशिवाय उठायचं नाही हे लावून दिलं. शेवटी राहिले ते वारलेले सर.

"टीचर, तेवढं सरांचं ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले.

"आप्पा, सगळ्यात जास्त जागा त्यांनीच धरलीय."

"माणूस गेलाय ओ. ते काय मागायला येतंय का तुमच्याकडं?"

"त्यांचं काही फेकत न्हाय मी. दुसरीकडं ठेवते."

"दुसरीकडं म्हंजे बाहेरच की."

मग आप्पा माझ्याशी बोलेनात. चहा आला तर माझा कप टेबलाच्या कडेला ठेवायचे आणि तोंड फिरवायचे. मला कळत होतं. आप्पा आणि सर एकाच वर्षी शाळेत लागले होते. मी सरांचं सगळं त्या वेगळ्या डिस्कवर नीट लावलं, त्यांच्या घरी एक प्रत पोचवली, आणि मशीनवर त्याच नावाचं नवं, रिकामं खातं उघडून वर तोच फोटो बसवला. नुसतं नाव मशीनला जड होत नाही. आप्पांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, हात जोडले आणि म्हणाले, "आता चष्मा नीट दिसायलाय त्येंचा." तिथून पुढं चहा परत हातात यायला लागला.

मशीन धावायला लागलं. धावायला म्हणजे खरंच. बटण दाबून आप्पा उठायच्या तयारीत असायचे आणि पडद्यावर सगळे फोटो हजर. त्यांची चहाची फेरी बुडाली म्हणून ते पहिले काही दिवस कावरेबावरे झाले होते. जूनातल्या प्रवेशाचं जे काम आम्हा दोघांना पुरून उरायचं, ते आप्पा एकटे जेवणाच्या सुटीआधी संपवून पेपर वाचत बसायला लागले. हेडसरांनी स्टाफरूममध्ये कुंदा आणवला, आमची बेळगावची मिठाई. सगळ्यांसमोर म्हणाले, "हे टीचरचं काम." टाळ्या पडल्या. मी खुळी, कुंद्याचा तुकडा रुमालात बांधून घरी घेऊन गेले.

नवरा उद्यमबागेत फौंड्रीत आहे. त्याला सांगितलं, या खेपेला होणार माझं.

"कुणी लिहून दिलंय?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांसमोर बोललेत सर."

"तू लई लवकर हरखतीस बग."

मी त्या दिवशी त्याच्याशी नीट बोलले नाही. पुढं तो खरा ठरला, त्याचा राग मला अजून आहे.

संस्थेची मीटिंग झाली आणि हेडसरांनी मला बोलावून बसायला सांगितलं. एरवी ते उभ्याउभ्याच बोलायचे.

"टीचर, असं झालंय, ऑफिसचं काम आता आप्पा एकटे उरकतात. कॉम्प्युटरचे तास सायन्सच्या सरांना वाटून देता येतील, असं संस्थेचं म्हणणं पडलं. दोन माणसं कशाला, म्हणाले."

ते पुढं म्हणाले, "मी सांगितलं हो मीटिंगात. हे सगळं तुमच्यामुळंच झालं म्हणून सांगितलं."

म्हणजे माझा विषय त्यांनी खरंच काढला होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण आपल्याच हातानं मारुती घडवल्यावर तोंडाला काय चव येते ते त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं ज्या मंद मशीनपायी बोलणी खाल्ली, त्या मशीनच्याच कृपेनं माझी चूल पेटत होती. ते जोवर अडत होतं तोवर त्यांना मी लागत होते. मी त्याचं अडणं काढलं, त्याबरोबर मीही निघाले. मी घरी येऊन रडले नाही. भांडी घासली, आणि घासताना एक कप फोडला, तोही मुद्दाम.

आता मी कोर्टाच्या बाजूला एका ऑनलाइन सेंटरमध्ये बसते. लोक कागद घेऊन येतात, मी कन्नडमध्ये त्यांचे अर्ज भरून देते. काम काही वाईट नाही. पण तिथं मला कुणी टीचर म्हणत नाही.

त्यानंतरच्या थंडीत हेडसरांचा फोन आला. "टीचर, मशीन परत स्लो झालंय ओ. एकदा येऊन जाता का? आपलीच शाळा." गरज सरो नि वैद्य मरो, हे खरं. पण परत गरज पडली की मेलेल्या वैद्यालाच हाक मारायची, हा आमच्या लोकांचा शोध. मशीन मंद होणारच होतं. साफसफाई एकदा करून भागत नाही, मागं कुणीतरी राहून रोजची आत-बाहेर बघावी लागते, आणि तो कुणीतरी त्यांनी काढून टाकला होता. मी नाही म्हणणारच होते. तेवढ्यात ते म्हणाले, "जूनात आप्पा रिटायर होणार. एवढं मशीन मार्गी लावा, तुमचा विषय परत काढतो."

नवरा म्हणाला, "जाऊ नको." मी गेले. माणसाची आशा मेली म्हणतात ते खोटं असतं.

ऑफिसात माझ्या खुर्चीवर एक पोरगी बसली होती. लोंढ्याकडून रोज रेल्वेनं येते म्हणाली. मशीन अडायला लागल्यावर आप्पांना एकट्याला काम आवरेना, म्हणून दिवाळीनंतर तिला घेतलेलं. टेंपररी. तिनं कीबोर्डला कापडाचं झाकण शिवून घातलं होतं, कडेनं बारीक टीप मारून, कोपऱ्यात एक फूलही काढलेलं. टेंपररी माणूस असं कधी करतो ते मला ठाऊक आहे. मीही पहिल्या वर्षी तिथल्या खिडकीला पडदा शिवला होता.

हेडसर तिच्यादेखत म्हणाले, "हिला सध्यापुरतं घेतलंय. मशीन नीट झालं की बघूया."

पोरीनं मान खाली घातली आणि मला खुर्ची दिली. मी बसले. सकाळी मशीनबरोबर कोण कोण उठतंय ती यादी उघडली. सगळे परत आले होते. कुणीतरी जुनं कन्नड परत घातलेलं, दुसरा पहारेकरी परत आलेला, निम्म्या स्टाफची खाती एकावर एक उघडी. माझ्या हातचं अर्ध्या दिवसाचं काम. ती माझ्यामागं उभी राहून बघत होती, आणि तिच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता.

मी काही संत नाही. ही पोरगी गेली आणि मला तिथं कायम केलं तर मी ती जागा घ्यायची की नाही, या प्रश्नाला माझं उत्तर 'घ्यायची' हेच होतं, ते मी लपवत नाही. पण तसं होणार नव्हतं. मशीन फास्ट झालं की आधी ही जाणार. मग जूनात आप्पा गेले की त्यांच्या जागी कुणी कशाला, हे काम सायन्सचे सरसुद्धा उरकतील, असं कुणीतरी मीटिंगात म्हणणार आणि हेडसर मान हलवणार. तो हिशेब मी एकदा स्वतःच्या अंगावर सोडवलेला होता. मशीन असंच ठेवलं तर एका माणसाला तिथं काम राहत होतं, आणि ते माणूस मी नव्हते.

मी उघडलेलं सगळं एकेक करून बंद केलं.

"सर, हे माझ्याच्यानं होणार नाही," मी म्हणाले. "नवीन घ्यावं लागेल." नवीन संस्था घेणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

हेडसरांचा चेहरा पडला. "मागच्या खेपेला तर जमलं होतं की तुम्हाला."

"मागच्या खेपेला जमलं."

मी चपला घालत असताना ते आप्पांना म्हणाले, हळूच, पण मला ऐकू येईल इतकंच हळू, "मागचं नशिबानं झालं असणार." आप्पांनी माझ्याकडे बघितलं. ते इतकी वर्षं माझ्या शेजारी बसलेले, त्यांना माझे हात माहीत होते. मला वाटलं ते काही बोलतील. ते पान लावत राहिले.

त्या सगळ्या वर्षांत मला एक गोष्ट नीट येत होती, आणि ती येते हे त्या शाळेत सगळ्यांना माहीत होतं. पगार गेला, खुर्ची गेली, पण तेवढं माझ्या नावावर होतं. ते मी त्या दिवशी त्यांच्या टेबलावर ठेवून आले. याचं मला वाईट वाटतं, अजूनही वाटतं.

फाटकापर्यंत ती पोरगी माझ्याबरोबर आली. तिचा चेहरा खुलला होता, चालही हलकी झाली होती. मला बरं वाटावं म्हणून, अगदी मनापासून, ती म्हणाली, "टीचर, मनाला लावून घेऊ नका. आता लई नवीन नवीन येतंय ओ रोज. तुमच्या टायमाला हे असलं कायबी न्हवतं. कसं येणार तुम्हाला?"

एक द्यावी तिला, असं वाटलं मला.

"तसंच असणार गं," मी म्हणाले.